पाणी लागलं तर बोअर फेल

दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाविषयी माझ्या थोरल्या साडूंइतकं जाणणारा माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात नाही, आणि असलाच तर साडू त्याला बोलू देणार नाहीत. शेलूबाजारजवळ त्यांचा वांगी-कोथिंबिरीचा मळा आहे. समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. पण त्यांची लेक प्रणिता गेल्या वर्षी संशोधनासाठी तिकडे चार महिने राहून आली, आणि तेव्हापासून कोथिंबीर घ्यायला आलेल्या बाईला जुडी हातात पडण्याआधी क्रिल नावाच्या इवल्याशा कोळंबीची माहिती ऐकावी लागते. "एवढुसा जीव, पन त्याच्यावर देवमासा पोसून राह्यला!" हे सांगताना जणू क्रिलला खतपाणी त्यांनीच घातलंय असा चेहरा असतो. बर्फात खोल छिद्र पाडून आत कोंडलेली जुन्या काळची हवा कशी तपासतात, हे मी एकदा पाहुण्यांना सांगायला गेलो, तर मला मधेच थांबवून म्हणाले, "तुले समजत नाही, साडभाऊ. आपन पान्यासाठी बोअर मारतो, ते बरफासाठी मारतात. पानी लागलं त बोअर फेल!"

आता आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय कोणी बोअर मारत नाही. म्हणून प्रणिता निघाली तेव्हा त्यांनी तिच्या सामानात चांगला शेंडीचा नारळ बांधून दिला होता. तिकडे बाहेरचं फळ-बी नेऊ देत नाहीत, त्यामुळे तो जहाजावर चढण्याआधीच काढून घेतला गेला. हे कळल्यावर साडूंचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी तिकडचं बर्फात छिद्र पाडायचं यंत्र कोणत्या दिवशी सुरू होणार ते फोनवर विचारून घेतलं, आणि त्या दिवशी आपल्या मळ्यातल्या बोअरवर नारळ फोडून आम्हा सगळ्यांना प्रसाद वाटला. काम निर्विघ्न पार पडलं, त्याचं श्रेय त्यांनी अजून यंत्राला दिलेलं नाही.

परवा मी मळ्यात असतानाच प्रणिताचा फोन आला. यंदा तिला अख्खं वर्ष, तिथल्या हिवाळ्यासकट, राहायला बोलावलं होतं. बाबा हो म्हणाले तरच ती जाणार होती. दिवसभर बोलणारा माणूस तोडलेली वांगी टोपलीत एकेक करून ठेवत राहिला. मग म्हणाले, "जाय माय. तुयं काम आहे ते. टायमावर जेवत जाय."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "साडभाऊ, हिवाळ्यात तिथून मधातच याचं असलं, त जहाज भेटते ना?"

भेटत नाही. समुद्रच गोठतो. हे मला त्यांनीच, मातीत काडीने नकाशा काढून, समजावलं होतं.

"भेटते न, काहून नाही भेटत?" मी म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले. ध्रुवाच्या बाबतीत त्यांनी माझी चूक काढली नाही, असं पहिल्यांदाच घडलं.