स्क्रूच्या उभ्या खाचा

माझ्या सासऱ्यांनी ज्याच्यावर संशय घेतला नाही असा माणूस अजून इंदापुरात जन्मायचा आहे. आणि जन्मलाच, तर तो नेमका आत्ताच का जन्मला, असं ते विचारतील. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका गोदामाच्या किल्ल्या सांभाळल्या. निवृत्तीनंतर किल्ल्या परत गेल्या, संशय तेवढा घरी आला. ते वर्तमानपत्राची पानं मोजून मगच वाचायला घेतात. लग्न ठरताना माझी पदवी खरी आहे का, हे बघायला ते माझ्या कॉलेजात जाऊन आले होते. "खरी निघाली," एवढंच म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती.

पण त्यांचा खास मुलूख म्हणजे घरातल्या लाकडी खिडक्यांच्या बिजागऱ्या. दर महिन्याला तेलाचा थेंब, गंज दिसला की पॉलिश पेपर, आणि प्रत्येक स्क्रूची खाच अगदी उभी. चोरानं स्क्रू ढिला केला तर खाच तिरकी दिसणार आणि डाव उघडा पडणार, असा बेत. चहाच्या आधी हातात बॅटरी घेऊन तपासणी व्हायची आणि खरोखरच दर दोन-चार दिवसांनी एखादी खाच तिरकी सापडायची. मग संशय आधी हायवेवरच्या ट्रकांच्या हादऱ्यावर, मग शेजाऱ्यांवर, शेवटी सुतारावर.

"पाव्हणं, त्योच ढिलं करून जातुय. म्हंजी दुरुस्तीला त्यालाच बोलवायचं."

"पण तो घरात येतो कसा?"

"त्येच तर शोधायचंय."

एकदा सासूबाई भेंडी चिरत होत्या. सुरीचं टोक वाकलेलं दिसलं. मी काही विचारायच्या आत त्या हळूच म्हणाल्या, "रिकामं बसलं की माज्या मिठाच्या बरणीत डोकं घालत्यात. एक इस्क्रू जरा फिरवला की चार दिवस घर मोकळं. तुमी बोलू नका." मी बोललो नाही. त्या घरात माझ्यावर कुणी टाकलेला तो पहिलाच विश्वास होता.

वर्षानुवर्षांच्या या फिरवाफिरवीनं स्क्रूची भोकं मोठी झाली, बिजागऱ्या झिजल्या, खिडक्यांची दारं लोंबू लागली. तशातच सासूबाईंच्या हाताची बोटं आखडली आणि उपचारांसाठी आम्ही त्यांना आमच्याकडे बारामतीला आणलं. आई आता इथंच राहील, असं बायकोनं जाहीर करून टाकलं. इंदापुरातून रोज सकाळी फोन यायचा, "कायबी फिरलं न्हाय." पहिल्या आठवड्यात आवाज विजयी होता. महिन्याभरानं ते वाक्य सांगूनही त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाले, "तिची बोटं कशी हायत?"

सासूबाईंच्या उरलेल्या साड्या आणायला मी इंदापूरला गेलो, तर घरात तोच सुतार! सासरे शेजारी खुर्ची टाकून बसलेले. एकेक जुनी बिजागरी निघत होती, नवी बसत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन सुतार म्हणाला, "आबा, सगळ्यात झिजलेली हीच."

"ती ऱ्हाऊ दे."

"दार पडंल की अंगावर!"

"भोकात काड्या ठोकून बसव. पर जरा हात लावला की फिरंल, एवढंच आवळ."

सुतारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. साड्यांची पिशवी उचलली तर सासऱ्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "ह्या हितंच ऱ्हाऊ द्यात, पाव्हणं. तिला आना."

आणलं. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

परवा दुपारी आम्ही इंदापूरला पोचलो तेव्हा सासूबाई अंथरुणावर पडून होत्या. सुरी आता त्यांच्या बोटांत नीट ठरत नाही. स्वयंपाकघरात सासरे स्टुलावर चढून, वाकड्या टोकाच्या त्याच सुरीनं, एक खाच सावकाश तिरकी करत होते. मला बघून दचकले. "तपासत हुतो," म्हणाले.

चहाच्या वेळी त्यांची आरोळी ऐकू आली, "अगं, आला बग पुन्ना त्यो! ऊठ, बग तरी!"

सासूबाई भिंतीला धरत उठल्या. खिडकीपाशी गेल्या आणि आखडलेलं बोट त्या खाचेवरून फिरवत म्हणाल्या, "व्हय की. मेल्याला दुसरं काम न्हाय."