शेळकेचा न लिहिलेला रिपोर्ट

आमची कंपनी तेव्हा उत्तरेच्या सीमेवर, बर्फातल्या एका पोस्टवर होती. मी प्लाटून हवालदार. रोजचं काम ठरलेलं. पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणं, मग शस्त्रसफाई, बर्फ वितळवून पाणी, दुपारी पेट्रोल म्हणजे गस्त, संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. माणसं अकरा. त्यांत नाईक महादेव शेळके, माण तालुक्यातला, सगळ्यांत मेहनती. दोघांचं ओझं एकटा उचलायचा आणि वर गाणं म्हणायचा. मला तो सख्ख्या भावासारखा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल.

एका दुपारी साडेतीनला मी पेट्रोल घेऊन परतत होतो. सेंट्रीवर, म्हणजे पहाऱ्यावर, शेळके होता. त्याने नियमाप्रमाणे हाक दिली, "थम! कौन आता है?" मी पासवर्ड सांगितला. रायफल खाली आली नाही. पुन्हा सांगितला. त्याने रायफल कॉक केली.

"तू हवालदारसाहेब नाहीस. सेटवर मला सांगितलंय, आज त्यांच्या वेशात दुसरेच येणार."

वायरलेस सेट सकाळपासून बंद होता. बॅटरीच संपली होती. मी माणसांना आडवं व्हायला सांगितलं, हात वर केले आणि सावकाश त्याच्याकडे चालू लागलो. तोंडाने बोलणं चालू ठेवलं, त्याच्या गावाचं, म्हशीचं, आईचं. चाळीस पावलांना दहा मिनिटं लागली. रायफल मी त्याच्या हातातून काढून घेतली, तसा तो बर्फात बसून रडायला लागला.

नियम स्पष्ट होता. रिपोर्ट द्यायचा, माणूस खाली हॉस्पिटलला पाठवायचा, पुढचं मानसोपचाराचे डॉक्टर बघतील. पण डोक्याचा आजार असा शिक्का एकदा कागदावर बसला की पलटणीत लोक त्या माणसाकडे कसे बघतात, ते मी पाहिलं होतं. पेन्शनला त्याची दोन वर्षं उरली होती. शिवाय आपल्या माणसाचं आपणच निस्तरायचं, ही आमची जुनी खोड. मी त्याला सेंट्रीवरून काढून लंगरमध्ये भाकऱ्या भाजायला लावलं, हत्यार काढून घेतलं आणि सगळ्यांना तंबी दिली की ही गोष्ट पोस्टच्या खाली जाता कामा नये. नोंदवहीत लिहिलं, 'पेट्रोल परत १५३०. ऑल ओके.'

महिन्याभरात तो बरा झाला. निदान तसा दिसला. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या डिस्चार्ज बुकात 'फिट' आणि वर्तणुकीपुढे 'एक्झम्प्लरी', म्हणजे आदर्श, असे दोन शब्द होते. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

सुभेदार म्हणून मी बाहेर पडलो, कामोठ्याला फ्लॅट घेतला आणि ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. शेळके काम शोधत होता. त्याला गेट नंबर दोनवर घेतला. जोडीला काशिनाथ भगत, तिथल्याच खाडीकाठच्या गावचा, पन्नाशीचा. त्याच्या बापाची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती. आता त्याच जमिनीवरच्या गेटवर हा गाड्यांना सलाम ठोकायचा आणि वर स्वतःच हसायचा. "सुभेदारसायेब, मालक मीच हाय, चावी तेवरी दुसऱ्याकडं हाय." मी हसलो की तो आणखी हसायचा.

दोन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, शेळके माझ्या केबिनमध्ये येऊन सावधानमध्ये उभा राहिला.

"साहेब, वॉकीटॉकीवर माझं नाव घेतायत."

"कोण?"

"माहीत नाही. भगत त्यांना सामील आहे."

मला ताबडतोब पोस्ट आठवली. त्याला तसाच हाताला धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी काय केलं? "घरी जाऊन चार दिवस झोप काढ, सगळं ठीक होईल," म्हणालो. ऑफिसला कळवलं नाही. भगतला तर अवाक्षरानेही सांगितलं नाही. पुन्हा तेच, पाठीशी घालणं. गुरुवारी दुपारच्या शिफ्टचे दोन गार्ड गैरहजर राहिले. मी शेळकेला फोन लावला.

"बरं वाटतंय?"

"येस सर."

"मग ये ड्युटीवर."

दोन वीसला भगत चहा घेऊन गेटवर आला. पुढचं मी सीसीटीव्हीत पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या एका ड्रायव्हरकडून ऐकलं. शेळके ओरडला, "थम! कौन आता है?" भगतला ती फौजी गंमत वाटली. "आरं मी हाय, भगत. चाय आनलाय," म्हणत तो चालत राहिला. अशा वेळी थांबायचं, हात वर करायचे, हळू बोलायचं, हे त्या गेटवर फक्त मला माहीत होतं. गाडीखाली बघायला लांब लोखंडी दांड्याचा आरसा असतो, तो शेळकेच्या हातात होता. त्याने तीन वार केले.

माझ्या सेटवर आवाज आला.

"गेट दोन टू कंट्रोल. घुसखोर पाडला. ऑल ओके. ओव्हर."

मी धावत पोचलो. भगतची नाडी लागत नव्हती. शेळकेने मला सॅल्यूट केला.

खटला उभा राहिला. शेळकेला सरकारकडून मिळालेल्या वकीलबाई माझ्या घरी आल्या. त्यांनी सरळ सांगितलं. आजारामुळे आपण काय करतोय हेच ज्याला कळत नव्हतं, त्याला कायदा गुन्हेगार धरत नाही. पण ते आपल्याला सिद्ध करावं लागतं. अटकेनंतर तपासणाऱ्या डॉक्टरांनी आजार सांगितला होता. सरकारी वकील मात्र म्हणत होते, हे नाटक आहे. कारण आधीचा एकही कागद नव्हता. होता तो 'फिट'चा.

"आधीचं कोणाला काही माहीत आहे का?" बाईंनी विचारलं.

"मला आहे."

"कोर्टात सांगाल? तुमच्यावर शेकेल."

"सांगेन," म्हणालो. खरं सांगायचं तर त्यानंतरही आठवडाभर माझी टाळाटाळच चालली होती. नोकरी जाईल, पलटणीत छी-थू होईल, ही भीती होतीच.

साक्षीच्या दिवशी सकाळी सव्वाअकराला मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि पोस्टवरची दुपार सांगितली. सरकारी वकील उठले.

"ही घटना रिपोर्ट केलीत?"

"नाही."

"नोंदवहीत काय लिहिलंत?"

"ऑल ओके."

"मग खोटं तेव्हा बोललात, की आज बोलताय?"

"तेव्हा."

"आणि हे सगळं माहीत असताना त्याला गेटवर बोलावलंत?"

"हो."

भगतची बायको मंदाबाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. तोपर्यंत त्या आरोपीकडे बघत होत्या. आता माझ्याकडे बघू लागल्या.

वार शेळकेनेच केले, पण आपण काय करतोय ते समजण्याच्या अवस्थेत तो नव्हता, असा निकाल लागला. तो निर्दोष सुटला, पण घरी नाही, मनोरुग्णालयात. बाहेर व्हरांड्यात मंदाबाईंनी मला गाठलं. आवाज चढवला नाही.

"त्यो येरा व्हता, त्याला सजा नाय. बरं. तुमी तं शाने व्हतात ना, सायेब?"

माझी लाज मला जन्मभर पुरणार आहे. नोकरी मी सोडली.

शेळकेला दर महिन्याला भेटायला जातो. औषधांनी तो सावरला, आणि सावरला तसं आपण काय केलं ते त्याला समजलं. तो फुकट सुटला असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्याचं तोंड बघून यावं.

पलटणीच्या वर्धापनदिनी शहिदांची नावं वाचतात आणि आम्ही सगळे उभे राहून ऐकतो. सीमेवर माझ्या हाताखालचा एकही माणूस गेला नाही, असं मी तिथे छाती फुगवून सांगत आलो. यंदा त्या कार्यक्रमाला गेलो नाही. मेडलं लावली आणि सकाळी दहाला भगतच्या घरी गेलो. मंदाबाईंनी दार उघडलं, भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं आणि आत निघून गेल्या. मी बूट काढले, फोटोसमोर सावधान झालो आणि मोठ्याने म्हणालो, "काशिनाथ धर्मा भगत. गेट नंबर दोन. ड्युटीवर असताना." सॅल्यूट केला. दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. मी बूट घालून बाहेर पडेपर्यंत त्या घरात मला कोणी पाणी विचारलं नाही.