भावजींचं धुराचं पिंप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी टाळत आले — त्याला ठाऊक असेलच, उगाच कशाला आठवण करून द्या! तुम्हाला मात्र सांगते. वाचताना हसलात तरी चालेल. मलाही हसू येतं, निम्म्या गोष्टीपर्यंत तरी.

गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या पौषातली. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा मुंबईत नोकरीला, आणि मी आरे-वारेच्या अलीकडे, रत्नागिरीपासून तासाभराच्या वाटेवर, थोरल्या दिरांच्या घरी. दीर म्हणजे भावजी. मोठ्या जहाजावर खलाशांचा स्वयंपाक करायचे. वीस वर्षं सगळ्या जगाला जेवू घातलं त्यांनी, आणि आमच्या वैनी — त्यांची बायको — वीस वर्षं एकट्या जेवल्या. त्या वर्षी भावजी घरी आले ते ठरवूनच, की आता परत जायचं नाही.

येताना डोक्यात एक खूळ घेऊन आले. थंडीच्या देशांत म्हणे परसात लोखंडी पिंप मांडतात, आत मटण टांगतात आणि सहा-सहा तास नुसत्या धुरावर शिजवतात. झालं! तेलाचं रिकामं पिंप आलं. खाली विस्तवासाठी छोटं दार कापलं, वर घट्ट झाकण, आत आकडे. दोनदा करून बघितलं, आणि खरं सांगते, असं मटण मी जन्मात खाल्लं नव्हतं. हाडावरून आपोआप सुटून यायचं. वाडीतली माणसं कुंपणापाशी उभी राहून नुसता वास घ्यायची!

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच अडलंय. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात कॅन्टीन चालवायला माणूस हवा होता. तिथल्या साहेबांशी भावजींची ओळख निघाली, आणि रविवारी साहेब जेवायला येणार असं ठरलं. जेवण पसंत पडलं तर कॅन्टीन भावजींचं. नाही पडलं तर — पुन्हा जहाज. वैनी तो आठवडाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. सारखा पदर कमरेला खोचून भांडी घासत सुटल्या होत्या.

रविवारी पहाटे भावजींनी अख्खी मांडी आत टांगली, विस्तव भरला. थंडी मरणाची होती. पहाटेचा मतलई वारा डोंगराकडून सुटला की आमच्याकडेही दात वाजतात, पुण्या-कोल्हापूरकडच्यांनी हसू नये. भावजींनी पिंपाला गोणपाटं गुंडाळली, वर वैनींची जुनी गोधडी बांधली. पिंप अगदी बाळंतिणीसारखं दिसत होतं! मग साहेबांना आणायला ते एसटीने शहरात निघाले. जाताना मला म्हणाले, "लक्ष ठेव गो. झाकण उघडायचा नाय हां, काय झाला तरी."

झाकण मी उघडलं नाही. शपथेवर सांगते. त्याला बोटसुद्धा लावलं नाही.

पण न्हायचा दिवस होता माझा. पाणचुलीत ओली लाकडं, नुसती धुमसत होती. आणि आमच्याकडची रीत अशी की घरात एक विस्तव पेटलेला असताना दुसऱ्यासाठी काडी ओढायची नाही. शेजारच्या घरून करवंटीत निखारे आणायचे आणि आपली चूल पेटवायची — लहानपणापासून हेच करत आले. मग दहा पावलांवर भावजींच्या पिंपात एवढे लाल निखारे असताना मी काय करणार? खालचं दार उघडलं आणि घमेलंभर काढून नेले. पाणी कोमट झालं. डोक्यावरून न्हायचं तर कढत हवं ना? परत गेले. दुसरं घमेलं काढलं. हे मला जास्त वाटलं का? वाटलं. म्हणून तर रिकाम्या जागेत नारळाची ओली सोडणं, वरची सालं, कोंबली. लगेच असा दाट धूर निघायला लागला, की मलाच समाधान वाटलं.

भावजी साहेबांना घेऊन आले. लांबूनच धूर बघून खूश! म्हणाले, "बगा सायेब, कसा मस्त चाललाय!" बरोबर एकच्या ठोक्याला झाकण काढलं. मांडी वरून काळीभोर, देखणी. सुरी लावली — आणि आतून रक्त.

साहेब भले गृहस्थ, डाळभात जेवले, "कळवतो" म्हणाले. भावजी थंडीला शिव्या देत होते, वाऱ्याला देत होते, गोधडीलासुद्धा देऊन झाल्या. मी तेव्हा बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, "निखारे मी नेले." त्याऐवजी मी काय केलं माहीत आहे? माझ्या ताटातला तुकडा, तसाच कच्चा, मुकाट्याने संपवला. आणखी एक मागून घेतला. भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी काही कळवलं नाही. चैत्रात भावजी पुन्हा जहाजावर गेले, आणखी चार वर्षांसाठी. वैनींनी ती गोधडी धुऊन, घडी घालून ठेवली, मला एका शब्दाने काही विचारलं नाही. भावजी मात्र येईल त्याला सांगायचे, घरात माझ्या हाताची कदर हिलाच आहे. सरंगा मासा केला की मधला तुकडा कायम माझ्या ताटात. मी तो खाल्ला. दर वेळी खाल्ला, चवीनं!

भावजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात आम्ही दोघं अंगणात उन्हाला बसलो होतो. मध्येच म्हणाले, "खरा सांग गो. त्या दिवशी थंडीच होती ना? का माझाच हात चुकलेला?"

अजून काय हवं होतं मला? माणूस स्वतःहून विचारत होता. मी म्हटलं, "थंडीच होती, भावजी."

ते हसले. "तुला काय विचारतोय मी! तू तर कच्चा मटणपण मागून खाल्लंस. तुला माझा सगळा गोडच लागणार."

मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले. मी चहा टाकते म्हणून उठून आत गेले.