टेरर जातीचा

“टेरर जातीचा हाय म्हनते. नावातच टेरर, मंग पोते फाडन नाही तं काय करन?”

नागपुरात, लकडगंजला मामाच्या धान्याच्या गोदामात एक हमालकाका दुसऱ्याला सांगत होते. त्याच कुत्र्याचा पट्टा धरून मी दारात उभी होते. टेरर नाही, टेरियर, हे ओठांवर आलं होतं. पण माझं कॉन्व्हेंटचं मराठी ऐकून इथे सगळे हसतात. मी गिळून टाकलं.

हा आयरिश टेरियर मामाचा मित्र परदेशी जाताना ठेवून गेला होता. विटकरी रंग, काथ्यासारखे राठ केस आणि कमालीचा हट्टी. आठवडाभर तो गव्हाच्या थप्पीखाली उकरत होता आणि तिथलीच पोती फाटत होती. थप्पीतली निम्मी पोती शेजारच्या शेठकाकांची. त्यांनी निकाल देऊन टाकला: उद्या कुत्रा रामटेकला, त्यांच्या शेतावर, साखळीला. मामा मान खाली घालून ‘हो’ म्हणाला.

मी मात्र त्याच्या कुळाबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. आयर्लंडच्या लहान शेतकऱ्याला चार कुत्री परवडत नसत. राखण, गुरं वळणं, उंदीर मारणं, सगळं एकट्या टेरियरनेच करायचं. घरच्यांशी मऊ, परक्या कुत्र्याशी उभा दावा. आयर्लंडच्याच टेरियरांमधल्या एका बुटक्या जातीची म्हणे बिळात सोडून परीक्षा घेत, आणि आत जो भुंकला तो नापास. गप्प राहणाऱ्याला पास करणारी दुसरी परीक्षा मला माहीत नाही.

त्या दुपारी तो पुन्हा थप्पीशी नाक लावून थिजला. भुंकला नाही. मी हमालकाकांना हातानेच खूण केली: खालची पोती हलवा. ते कुरकुरत वाकले. तिसरं पोतं सरकलं आणि मांजराएवढी घूस बाहेर उडाली. मी पट्टा सोडला. एक झेप, एक झटका, संपलं. मागून दुसरी निघाली, तीही गेली. फरशीच्या भगदाडात पोत्यांच्याच चिंध्यांचं घरटं होतं.

“अबे, हे तं पोते वाचवून राह्यलं होतं!” हमालकाका ओरडले.

आवाज ऐकून शेठकाका आले. घरटं पाहिलं, मेलेल्या घुशी पाहिल्या. हार कशी मानणार?

“काहून गा,” ते मामाला म्हणाले, “तुमचं कुत्रं घूस खाते का?”

सगळे खो खो हसले. मराठीतला तो दांडगा उंदीर आणि हिंदीतली लाच, नागपुरात दोन्ही एकाच शब्दात मावतात. मामाही हसला. कुत्रा माझ्या पायाशी येऊन बसला. उद्याचं रामटेक अजून कोणी रद्द केलं नव्हतं.

“टेरर नाही, टेरियर,” मी म्हणाले. “अन् तो घूस खात नाही, काका, पकडते. रामटेकले नाही जात तो.”