जास्तीची नोट

श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळचे साडेदहा. रक्कम पंचवीस हजार रुपये, एजन्सीची अनामत, सगळ्या पाचशेच्या नोटा. हजर माणसं तीन: मी, माझी बायको सुनंदा आणि सेलूचे प्रल्हादराव. ठिकाण, वालूरमधलं माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान. द्यायच्या होत्या पन्नास नोटा, गड्डीत मी एक्कावन्न ठेवल्या होत्या. चुकून नव्हे. नवा माणूस मी असाच पारखतो.

प्रल्हादरावांनी एकेक नोट काउंटरच्या काचेवर मांडली, दहा-दहाच्या पाच चळती केल्या आणि उरलेली नोट बोटाने माझ्याकडे सरकवली.

"ही तुमची. चुकून आली न्हाई, ते मला ठावं हाय अण्णा. जिनिंगच्या काट्यावर बावीस वर्सं काढलीत मी. लोकायनी कापसात धोंडे घालून बगितले." मग हसून म्हणाले, "मोजायला लाजू नये. भरवसा मोजल्यावर ठेवावा."

सुनंदा आतून हसली. मला मात्र बरं वाटलं नाही. जो परीक्षा इतकी चटकन ओळखतो, त्याने बऱ्याच परीक्षा दिलेल्या असणार, असं माझ्या मनात आलं.

जिनिंगमधून निवृत्त झाल्यावर प्रल्हादराव एका नव्या मोबाइल कंपनीचं काम करू लागले होते. ही कंपनी अशी, की तिचा स्वतःचा एकही टॉवर नव्हता. मोठ्या कंपनीकडून बोलण्याची मिनिटं आणि इंटरनेट ठोक भावाने घ्यायचं, आपलं नाव लावायचं आणि किरकोळीत विकायचं. प्रल्हादराव हे एका वाक्यात सांगत: "शेत दुसऱ्याचं, पेरा आपला."

"म्हणजे ठोक्याचं शेत," मी पहिल्याच भेटीत म्हणालो होतो. "पीक येवो न येवो, ठोका द्यावाच लागणार."

"द्यायचाच. गिऱ्हाईक असो नसो, ठरलेला आकडा म्हैन्याच्या म्हैन्याला मोजायचा."

"आणि शेताचा मालक त्याच बाजारात स्वतःचाही माल विकतो?"

"इकतो की."

"त्यानं भाव पाडला तर?"

त्यांनी कानामागे खाजवलं. "हे मला सांगता यायचं न्हाई. इचारून येतो." आणि निघाले. चहा आला होता, तो तसाच राहिला.

आठ दिवसांनी परत आले ते उभ्या उभ्याच बोलले. "इचारलं. साहेब म्हनले, तुमाला काय करायचंय त्याच्याशी. म्हंजे उत्तर वंगाळ हाय. मालकानं भाव पाडला, की आपली कंपनी बसली. आता सांगा, घेता का एजन्सी?"

विकणाऱ्याने स्वतःच्याच मालाचं असं वाईट सांगितलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. माझा संशय दुप्पट झाला. खरं बोलून फसवणारेही असतात. पण अनामत परत मिळणार होती, आणि त्यांची जोडसिमची योजना आमच्या गावाला चपखल होती: एक सिम ऊसतोडीला जाणाऱ्याकडे, एक घरी राहणाऱ्याकडे, आपसातलं बोलणं फुकट. करारनामा मी तीनदा वाचला, बारीक अक्षरांसकट, आणि तिसऱ्या भेटीत, त्या सोमवारी, पैसे दिले.

तीनदा वाचूनही एक गोष्ट सुटली. 'सेवाक्षेत्र: महाराष्ट्र' असं लिहिलं होतं. आपण महाराष्ट्रातच राहतो, म्हणून मी पुढे गेलो. आमच्याकडच्या कितीतरी टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, हे इथे कुणालाही ठाऊक आहे. मलाही होतं. काट्यावर माणसं मोजलेल्या प्रल्हादरावांनाही होतं. दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सिम मी विकले, माझ्या शब्दावर.

दिवाळी झाली, टोळ्या गेल्या. चौथ्या दिवशी कौसाबाई नातीला कडेवर घेऊन काउंटरशी उभ्या राहिल्या. मुलगा आणि सून फडावर, नात यांच्याकडे.

"अण्णा, तुमच्या शिमाला आग लागो. पोराचा फोन लागंना, सुनंचा लागंना. ही लेक दोन दिस झाले अन्न घेईना. जित्ते हायेत का न्हाईत, एवढं तरी कळू द्या."

संध्याकाळपर्यंत आणखी सहा घरची माणसं येऊन गेली. कंपनीने फक्त आपल्या राज्यापुरतंच शेत ठोक्याने घेतलं होतं. बांधापलीकडे गेलं, की फोन मुका. मी प्रल्हादरावांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "किती फोन?"

विक्रीची वही बघून मी नावांसकट सांगितलं, "बावीस."

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचाच फोन लागेना.

दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी एसटीने सेलू गाठलं. दारात त्यांच्या पत्नी शांताबाई उभ्या होत्या.

"ते फडावर गेलेत, कर्नाटकात. तुमच्याच गावच्या मानसांपाई."

मी त्यांच्या खांद्यावरून घरात पाहिलं. सामान हललंय का, कपाट जागेवर आहे का. त्यांच्या ते लक्षात आलं.

"या की आत भाऊ. काय काय हाय ते मोजून घ्या."

मी आत गेलो नाही. पण परतताना एसटीत मनाशी फिर्यादीचा मसुदा तयार केला, हे लपवत नाही.

पाचव्या दिवशी प्रल्हादराव थेट दुकानात आले. पायाला भेगा, सदऱ्यावर उसाची कुसळं. त्यांचा फोन बंद का होता, तर त्यांच्याकडेही कंपनीचंच सिम होतं. "इकायचं एक अन् वापरायचं दुसरं, हे मला जमत न्हाई अण्णा." दोन कारखान्यांच्या तीन फडांवर जाऊन त्यांनी बावीसही माणसं शोधली होती, तिथल्या दुकानातून प्रत्येकाला चालतं सिम घेऊन दिलं होतं. वहीचा एक कागद त्यांनी काउंटरवर ठेवला: बावीस नावं, प्रत्येकासमोर नवा नंबर, टपोऱ्या अक्षरात.

"कौसाबाईच्या नातीला आधी बोलवा."

नात आली. फोन दोन्ही हातांनी कानाला घट्ट धरला, पण बोलेना. पलीकडून आईचं "बोल ना गं, बोल ना" आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई, शेळीला दोन पिल्लं झाली." कौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रल्हादराव बाहेर जाऊन पायरीवर बसले.

तो कागद मी काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवला. लोक येत, नंबर बघत. सिमचे पैसे कुणी दिले, हे मी विचारलं नाही. कंपनीने दिले असतील, असं धरून चाललो. माझे सगळे प्रश्न माझ्या तोट्याबद्दलचे असतात.

पुढच्या उन्हाळ्यात शेताच्या मालकाने खरंच भाव पाडला. कंपनी बसली. प्रल्हादराव माझ्या अनामतीसाठी संभाजीनगरच्या ऑफिसात तीनदा जाऊन बसले. त्यांचा स्वतःचा पगार अडकला होता, तो सुटला नाही. माझी रक्कम पूर्ण आणली. "मोजा," म्हणाले. मी मोजल्या. पन्नास. तरी मी गड्डी पुन्हा चाळली.

"जास्तीची न्हाई त्यात," ते म्हणाले. "मला तुमाला तपासायचं न्हाई."

त्यानंतर भेटी कमी झाल्या. मागच्या हिवाळ्यात ते गेल्याचं सेलूहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. त्या दिवशी मी काच उचलली आणि तो कागद पहिल्यांदाच उलटा केला. मागे पेन्सिलीने हिशेब होता: बावीस सिम, रिचार्जसकट, ३३००. जाणं-येणं ११८०. जेवण फडावर. एकूण ४४८०. त्याखाली एकच ओळ: कंपनी नाही म्हणाली. माझ्याकडून येणं म्हणून माझं नाव कुठेच नव्हतं.

चौदाव्याचा विधी झाल्यावर सुनंदाला घेऊन सेलूला गेलो. हजर माणसं तीन: मी, सुनंदा आणि शांताबाई. या खेपेला घरात जाऊन बसलो. कागद दाखवला. दिलेली रक्कम चार हजार चारशे ऐंशी रुपये, रोख, शांताबाईंना. त्यांनी दोनदा मोजली. बरोबर निघाली. जास्तीची नोट मी ठेवली नव्हती.