नारळाच्या वड्यांचा डबा

दोहाच्या विमानतळावर अधिकाऱ्याने डब्याकडे बोट दाखवलं, तेव्हा माझ्या मैत्रिणीने झाकण स्वतःच उघडलं. वर त्याला म्हणाली, "बघ बाबा, नीट बघ. तपासलेलं बरं." वरती नारळाच्या वड्या होत्या, मग बटर पेपर आणि त्याखाली पिवळ्या मऊ गोळ्या. त्याने हातमोजा घालून एक गोळी उचलली, दाबली, हुंगली. गोळीला एक पांढरी पट्टी लावली. पट्टीचा रंग बदलला आणि आणखी दोन माणसं जवळ येऊन उभी राहिली.

"कोणाच्या?" त्याने विचारलं.

"माझ्या," मी म्हणाले. पण मराठीत म्हणाले. घाबरले की मला हिंदी सुचत नाही.

"माली," ती माझ्या वरच्या आवाजात म्हणाली. माली म्हणजे माझं. दोहाजवळ मुऐदरला एका मोठ्या घरी ती स्वयंपाक करायची, तिथलं चुलीपाशी शिकलेलं अरबी तिच्याकडे भरपूर होतं. मग माझ्याकडे हात करून ती भराभर काहीतरी बोलली. त्यातला 'मजनूना' एवढा शब्द मला कळला. म्हातारी वेडी आहे, तिला जाऊ द्या, असं ती सांगत होती.

"अगो, त्या माझ्या गोळ्या..."

"गप. डबा माझा आहे."

तिला आतल्या खोलीत नेलं. मला अधिकारी म्हणाला, "खलास, गो." म्हणजे झालं, जा. मी माझी बॅग घेऊन बाहेर आले. बाहेर माझी मुलगी न्यायला उभी होती.

अशी एक बाई तुमच्याही ओळखीत असेल, जी भाजीवाल्याची जुडी सोडून बघते आणि पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईचा खालचा थर आधी तपासते. आमच्या वसईच्या माणसांत ती होती. मी दोहातच मुलीकडे अल नस्रला राहते. मुलगी इस्पितळात नर्स, तिच्या व्हिसावर मी. शुक्रवारी मिस्सा झाली की ही बाई चर्चमधून थेट आमच्या घरी यायची, चपला काढायच्या आधी फ्रीज उघडायची आणि म्हणायची, "हे मासे कधीचे?"

इथे एक पद्धत आहे. कोणी सुट्टीवर गावी निघालं की बाकीचे आपापलं पार्सल त्याच्याकडे देतात. येतानाही तसंच, सुके बोंबील, लोणचं, बाटली मसाला. नाही म्हणता येत नाही, कारण पुढल्या वेळी आपल्यालाही द्यायचं असतं. ती नाही म्हणायची नाही. ती म्हणायची, "उघड. बघू दे."

बाटली मसाला आम्ही ठासून ठासून भरतो, सगळ्यांना माहीत आहे. ती पूर्ण बाटली कागदावर ओतायची, चमच्याने पसरवायची, मग स्वतःच्या बाटलीत भरायची. घरभर शिंका. नाशिकच्या एका इंजिनिअरने भावासाठी चिवड्याचं बंद पाकीट दिलं. तिने त्याच्यासमोर फोडलं आणि मूठभर खाल्लं.

"मावशी, भावासाठी होता तो."

"भावाला सांग, तपासून आलाय."

एका पोरीने आईसाठी मेरी माउलीची मूर्ती दिली. हिने मूर्ती टेबलावर ठोकून बघितली. "पोकळ वाजते," म्हणाली.

"मावशी, मूर्ती पोकळच असते."

हिने बुडाचं मखमली कापड सोलून आत टॉर्च मारला, क्रूस केला, आणि कणकेच्या खळीने कापड परत चिकटवलं. त्या पोरीने पुन्हा पार्सल दिलं नाही. हिला त्याचं काही वाटलं नाही. मागून लोक हिला 'कस्टम' म्हणत. ते हिला ठाऊक होतं.

तिचा एक नियम होता, दुसऱ्याच्या डब्यात काही न्यायचं नाही. कारखान्याचं सील असेल तर जास्तच संशय. "सील म्हणजे कोणीतरी तोंड बंद केलंय," असं म्हणायची. सगळं फोडायचं, बघायचं, आपल्या डब्यात भरायचं आणि मूळचं खोकं कचऱ्यात टाकायचं. तिला वाटायचं, आपला डबा म्हणजे आपली जबान. मी तिला सांगितलं होतं, "खोक्यावर नाव-गाव असतं गो, ते तरी ठेव." ती म्हणाली, "नाव काय, कोणीपण छापतो. मी पोट भरायला आलेय, तुरुंग बघायला नाही."

त्या वर्षी तिच्या बहिणीच्या घरी लग्न होतं, म्हणून आम्ही दोघी वसईला गेलो. तिचा एक भाचा युरोपात असतो, तोही आला होता. मांडवात मी गुडघे चोळत बसले होते. रात्री झोप नाही, गुडघे ठणकतात, असं मी कोणालाही सांगते, त्यालाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने एक बरणी आणून दिली. वर आंब्याचं चित्र.

"आजी, झोपताना अर्धी खा. आमच्याकडे दुकानात मिळतात."

"आधी मी बघते," म्हणत हिने बरणी माझ्या हातातून घेतली. सील तोडलं, वास घेतला, एक गोळी सुरीने कापून उजेडात धरली. आत काही नव्हतं. गोळीसारखी गोळी. "आंब्याची पेपरमिंट आहे," म्हणाली. "कसलं औषध नि कसलं काय. तुला फसवलंन त्याने." मग माझ्या बॅगेत जागा नाही म्हणून तिने गोळ्या आपल्या वड्यांच्या डब्यात बटर पेपरखाली ठेवल्या, वड्यांना वास लागू नये म्हणून. बरणी उकिरड्यावर गेली.

त्या बरणीचा संशय मला आला नाही. तिला आला, आणि तिने डोळ्यांनी जे बघता येतं ते सगळं बघितलं.

तिच्यासाठी आम्ही केलेला वकील मल्याळी होता, हिंदी बरं बोलायचा. त्याने आम्हाला समजावलं. भांगेच्या जातीच्या झाडातून एक पदार्थ काढतात, मग कारखान्यात त्यात फेरफार करतात आणि तो गोळीत घालतात. भाच्याच्या देशात ते आधी कोणत्याच यादीत नव्हतं, म्हणून पेट्रोल पंपावरसुद्धा विकायचे. मग सरकारने ते यादीत घातलं. कारखान्यांनी थोडा फेर केला, नवीन नाव दिलं, पुन्हा विकलं. मग तेही यादीत गेलं. भाच्याने घेतल्या तेव्हा चालत होतं. तो लग्नाला निघाला त्याच्या थोडं आधी बंद झालं होतं, त्याने बघितलंच नाही.

"आणि इथे?" मुलीने विचारलं.

"इथे नाव बदलून काही होत नाही. त्या झाडाचं काही असेल तर गुन्हा."

म्हणजे गोळी तीच. विमानात बसली तेव्हा एक आणि उतरली तेव्हा दुसरी, असं काही नाही. मी चौथी शिकले, मला हे कळायला वेळ लागला. वकिलालाही पूर्ण कळलं होतं असं मला वाटत नाही, तो दर वेळी फोनमध्ये बघून सांगायचा.

भाच्याने पावती पाठवली. वकील म्हणाला, पावतीचा उपयोग होता, जर गोळ्या मूळ बरणीत असत्या. कोणी झोपेचं औषध अजाणता आणलं म्हणता आलं असतं. पण बरणी फेकलेली, लेबल नाही, वड्यांखाली कागद घालून ठेवलेल्या. याला लपवणं म्हणतात.

मी मुलीला म्हटलं, मला पोलिसांकडे घेऊन चल, मी खरं सांगते. मुलीचा चेहरा उतरला. तिची नोकरी, आमचा व्हिसा, सगळं त्यात होतं. तरी ती मला घेऊन गेली, हे मी लिहून ठेवते. तिथे दुभाषा होता. मी सगळं सांगितलं, बरणी, भाचा, गुडघे. अधिकाऱ्याने माझ्या काठीकडे बघितलं, दुभाष्याला काहीतरी म्हणाला. दुभाषा मला म्हणाला, "आजी, साहेब म्हणतात मैत्रिणीसाठी खोटं बोलणं चांगलं काम आहे, पण इथे चालत नाही. घरी जा." मैत्रिणीने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की म्हातारी येईल आणि स्वतःवर घेईल, तिचं ऐकू नका.

शुक्रवारी चर्चबाहेर लोक बोलायचे. ज्यांचे बोंबील तिने वर्षानुवर्षं वाहिले तेच. "एवढी झडती घ्यायची, तेव्हाच आम्हाला वाटलं होतं." "चोराला सगळे चोर दिसतात." चिवडेवाल्या इंजिनिअरनेही मान हलवली. मी त्याला विचारलं, "तुझ्या चिवड्यात काय होतं रे?" तो गेला निघून.

तिने ते माझ्यासाठी केलं, असं मुलगी म्हणते. मला अजून खात्री नाही. डबा तिचा होता, तपासणी तिची होती. आपल्या तपासणीतून काही निसटलं हे तिला दुसऱ्याच्या नावावर टाकवलं नसतं. दोन्ही असेल. ती सांगणार नाही.

ती बरेच महिने आत होती. मग तिला थेट विमानात बसवून परत पाठवलं. आता तिला इथे कधी येता येणार नाही. मुऐदरच्या घरच्या बाईने तिचे कपडे आमच्याकडे पोचवले, एका बोचक्यात, सैल गाठ मारून. मी ते उघडून बघितलं नाही, तसंच गावी पाठवलं.

फोन मीच करते. मागे एकदा विचारलं, "आत कसं होतं गो?"

"डाळ कच्ची असायची," ती म्हणाली. "तुझा गुडघा?"

"दुखतो."

"दुखू दे. कोणाकडून काही घेऊ नकोस." मग म्हणाली, "माझं बोचकं कोणी उघडलं होतं?"

"कोणी नाही."

"बघायला हवं होतंस."

ती आता वसईत भावाच्या घरी मागच्या खोलीत असते. तिला कोणी पार्सल देत नाही. गोळ्या माझ्या होत्या, आणि मी अल नस्रला आहे.