लाल गाडीच्या खालची बाजू

मंडळी, मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

आज दुपारी मी आणि माझा मित्र दिनेश बाईकवरून उरणला गेलो. गल्फहून परतलेल्या रशीदभाईंच्या शेडमध्ये दोन जुन्या स्पोर्ट्स कार विकायला होत्या. एक इटालियन, लालभडक, लांब नाकाची, नजर हटेना. दुसरी जर्मन, करडी, बेडकासारखी बसकी. पण किंमत करडीचीच जास्त.

"काय हाय त्या बेडकात?" दिनेश म्हणाला.

मी वाकून लाल गाडीखाली पाहिलं. खाऱ्या हवेने पत्रा पार खाल्ला होता. सीटखालच्या पत्र्यावर अंगठा दाबला, तर तो आरपार गेला. करडीचा पत्रा मात्र शाबूत होता.

रशीदभाईंनी काही लपवलं नाही. "ही शोसाठी ठेवा, भाई. रस्त्यावर नको, खुदा के वास्ते."

"तुमी सगळे घाबरट," म्हणत दिनेशने लालच घेतली आणि पनवेलला घरापर्यंत स्वतः चालवत आणली. मी मागे बाईकवर होतो. प्रत्येक खड्ड्यात तिच्या पोटातून गंजाचे पापुद्रे रस्त्यावर पडत होते.

गाडी बघून त्याची छोटी मुलगी टाळ्या वाजवत धावत आली. उद्या सकाळी तिला आणि वहिनींना घेऊन तो खंडाळ्याचा घाट चढणार आहे.

मी वहिनींना फोन करून सगळं सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "भावोजी, त्यांच्यापुढं माझं काय चालत नाय. मी नाय गेले, तर पोर एकटीच बसेल त्यांच्या बाजूला."

आता मी काय करू? सकाळच्या आत सांगा.